पिग्मी खात्याचा खरा हिशोब: पासबुकावर चार टक्के, हातात किती?

बेळगावच्या रविवार पेठेत, खडेबाजारात, शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजारात दुकान लावून बसणाऱ्याला पिग्मी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. रोज ठरल्या वेळी कलेक्टर येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, हातातल्या मशीनमधून चिठ्ठी काढून देतो आणि पुढच्या दुकानाकडे जातो. वर्ष भरलं की एकदम रक्कम हातात येते. मुलांची फी, गणपतीची खरेदी, दुकानाचं डिपॉझिट अशी कित्येक कामं या पैशांवर होतात. सेवा जुनी आणि कामाची आहे. पण तिच्यावर लिहिलेला टक्का वाचताना बहुतेक जण चुकतात. ठेवीचा टक्का जास्त समजतात आणि कर्जाचा कमी. म्हणून या सेवेचं परीक्षण आम्ही आकड्यांनी करतो आहोत.

हे परीक्षण कुठल्या एका सोसायटीचं नाही. प्रत्येकीचे दर आणि नियम वेगळे असतात. त्यामुळे सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू: रोज १०० रुपये, महिन्यात २५ दिवस वसुली, बारा महिने, व्याज वार्षिक ४ टक्के. म्हणजे महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये. तुमच्या पासबुकातले आकडे यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

पिग्मी ही या भागाला बाहेरून आलेली चीज नव्हे, ती कर्नाटकातलीच. १९२५ साली उडुपीत सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये ही योजना काढली. घरोघर जाऊन दोन आण्यांसारखी रक्कम गोळा करायची, ही मूळ कल्पना. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. आपल्याकडे आता पिग्मी म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येते ती सहकारी सोसायटी, म्हणजे पतसंस्था.

आता व्याज. तीस हजार भरले, दर चार टक्के, म्हणजे बाराशे रुपये मिळणार, असं ग्राहक धरून चालतो. हातात येतात साधारण सहाशे. मग सोसायटीने अर्धे कापले असा समज होतो. तसं काही झालेलं नसतं. चार टक्के हे वर्षभर पडून राहिलेल्या शंभर रुपयांवर असतात, आणि तुमचे तीस हजार वर्षभर तिथे नव्हतेच. पहिल्या दिवसाचे शंभर वर्षभर राहिले, शेवटच्या दिवसाचे शंभर एकच दिवस. सरासरी काढली तर वर्षभर पंधरा हजारच पडून होते. पंधरा हजारांचे चार टक्के सहाशे.

सोसायटीत हा हिशोब ‘प्रॉडक्ट’ काढून करतात. शिल्लक गुणिले ती जितके महिने राहिली तितके महिने, म्हणजे प्रॉडक्ट. सगळ्या महिन्यांची बेरीज करायची, दराने गुणायचं, शंभराने आणि बाराने भागायचं. पहिल्या महिन्याचे २,५०० रुपये पुढच्या महिन्यापासून धरले तर ते अकरा महिने राहिले, दुसऱ्या महिन्याचे दहा, असं करत शेवटच्या महिन्याचे शून्य. अकरापासून एकपर्यंतची बेरीज ६६. म्हणून २,५०० × ६६ = १,६५,०००. याचे चार टक्के ६,६००, भागिले १२, व्याज ५५० रुपये.

भरलेला महिना पूर्ण धरला तर ६६ च्या जागी ७८ येतात, प्रॉडक्ट १,९५,००० होतो आणि व्याज ६५०. रोजच्या शिल्लकेवर काढलं तर दोन्हींच्या मधलं, ६०० च्या आसपास. दर तोच चार टक्के, रक्कम तीच तीस हजार, आणि तरी व्याज ५५०, ६०० किंवा ६५०. साडेपाचशेवरून साडेसहाशे म्हणजे १०० भागिले ५५०, १८ टक्क्यांहून जास्त फरक. शेजारच्या सोसायटीचा दर साडेचार असला, पण ती पहिल्या रीतीने मोजत असली, तर तिथे मिळतील ६१८ रुपये ७५ पैसे. इथे चार टक्के पूर्ण महिन्याच्या रीतीने ६५० देतात. जास्त दराचं खातं कमी व्याज देतं ते असं. खातं उघडताना ‘दर किती’ याच्या जोडीला ‘व्याज महिन्याच्या कुठल्या शिल्लकेवर काढता’ हा प्रश्न विचाराच. काउंटरवरच्या माणसाला उत्तर माहीत असतं, विचारणारे कमी असतात.

बँकेच्या आरडीशी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीशी, तुलना करू. महिन्याच्या सुरुवातीला २,५०० रुपये, दर साडेसहा टक्के धरला, तर चक्रवाढ बाजूला ठेवून सरळ व्याजानेही १,९५,००० × ६.५ ÷ १,२०० = १,०५६ रुपये होतात. पिग्मीचे सहाशे. फरक ४५६ रुपयांचा. कागदावर बघितलं तर पिग्मी घाट्याची. पण कलेक्टर वर्षात तीनशे वेळा दारात आला. ४५६ भागिले ३००, एका फेरीला दीड रुपया पडला. भाजीच्या गाड्यावर किंवा पानपट्टीवर बसणाऱ्याला महिन्याच्या एक तारखेला एकरकमी अडीच हजार बाजूला काढणं जमत नाही आणि बँकेत जायचं तर धंदा बंद ठेवावा लागतो. त्याला दीड रुपया महाग नाही. पगारदार माणसाने मात्र पिग्मी भरण्यात काही अर्थ नाही. त्याचा पगार खात्यात जमा होतो, आरडीचा हप्ता आपोआप कापला जातो. त्याने हे ४५६ रुपये का सोडावेत?

दर इतका कमी का, याचंही उत्तर हिशोबातच आहे. कलेक्टरला वसुलीवर कमिशन असतं. ते तीन टक्के धरलं तर तीस हजारांवर ९००. तुमचं व्याज ६००. सोसायटीला पंधरा हजारांच्या सरासरी ठेवीवर वर्षाला १,५०० रुपये खर्च आला, म्हणजे दहा टक्के. तुम्हाला दिसणारे चार टक्के सोसायटीला दहाला पडतात. वर ऑफिसचं भाडं, पगार आणि बुडीत कर्जं. मग कर्जाचा दर बारा-चौदाच्या खाली येत नाही. चार टक्क्यांच्या पिग्मीवर कुणी आठ टक्क्यांनी कर्ज देतो म्हणाला, तर बाकीचे पैसे कुठल्या तरी दुसऱ्या नावाने वसूल होणार हे धरूनच पुढचे कागद वाचा.

कमिशनचा हाच आकडा पिग्मी मोडताना समोर येतो. मुदतीच्या आत खातं बंद केलं तर व्याज मिळत नाही आणि वरून शेकडा दोन-तीन रुपये कापले जातात, असा नियम सर्रास आढळतो. कारण सरळ आहे: कलेक्टरला दिलेलं कमिशन परत येत नाही, ते तुमच्याकडून घेतात. कपात तीन टक्के धरू. पाच महिन्यांत १२,५०० रुपये भरले आणि मोडली, तर ३७५ गेले. तीनच टक्के की, असं वाटतं. पण हे तीन टक्के भरलेल्या रकमेवर आहेत आणि ती रक्कम सरासरी अडीच महिनेच तिथे होती. महिन्याला १.२ टक्के, वर्षाच्या भाषेत १४.४ टक्के तोटा. अकराव्या महिन्याअखेर मोडली तर कपात ८२५ रुपये, म्हणजे आकड्याने जास्त, पण वर्षाच्या दराने साडेसहा टक्के. लवकर मोडणाऱ्याचं नुकसान रुपयांत कमी दिसतं आणि दराने सगळ्यात जास्त असतं. पैसे पाच-सहा महिन्यांत लागणार हे आधीच ठाऊक असेल तर पिग्मी उघडूच नका. साध्या बचत खात्यात टाका.

मोडण्याऐवजी पिग्मीवर कर्ज काढता येतं, आणि या सेवेतला हा भाग आम्हाला मनापासून आवडतो. आठ महिने झाले, खात्यात २०,००० जमा आहेत आणि १५,००० ची गरज पडली. कर्ज बारा टक्क्यांनी मिळतं. स्वतःच्याच पैशांवर बारा टक्के कशाला भरायचे, असं वाटणं साहजिक आहे. पण मांडून बघा. कर्जाचं व्याज महिन्याला १५,००० × १२ ÷ १,२०० = १५० रुपये. त्याच पंधरा हजारांवर पिग्मीचं व्याज चालूच आहे, महिन्याला ५०. निव्वळ खर्च शंभर. मुदतीला चार महिने उरलेत, म्हणजे ४००. पिग्मी मोडली असती तर २०,००० वर तीन टक्के, म्हणजे ६०० गेले असते आणि आठ महिन्यांचं व्याजही बुडालं असतं. इथे कर्ज स्वस्त. तिसऱ्या महिन्यातच गरज पडली आणि मुदतीपर्यंत नऊ महिने कर्ज ठेवायचं असेल तर हिशोब उलटतो. तेव्हा खात्यात ७,५०० च असतात, कपात २२५ रुपये. त्यावर ६,००० चं कर्ज काढून नऊ महिने ठेवलं तर निव्वळ खर्च महिन्याला ४०, एकूण ३६०. तिथे मोडलेली बरी.

आता कर्जाची दुसरी बाजू. इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. दुकानदाराला सोसायटी कर्ज देते आणि हप्ता रोज पिग्मी कलेक्टरमार्फत घेते. सोय चांगली आहे. प्रश्न असा की रोज दिलेले पैसे जातात कुठे? कर्ज खात्यात, की त्याच्या शेजारी उघडलेल्या पिग्मी खात्यात?

५०,००० रुपये, वार्षिक १४ टक्के, एक वर्ष. पहिली रीत: महिन्याची वसुली महिनाअखेरीला कर्ज खात्यात वळती होते. हप्ता ४,४८९ रुपये, रोजचे साधारण १८०. पहिल्या महिन्याचं व्याज ५०,००० × १४ ÷ १,२०० = ५८३ रुपये. हप्त्यातले उरलेले ३,९०६ मुद्दलातून गेले, शिल्लक ४६,०९४. दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिल्लकेवर, ५३८ रुपये. असं करत वर्षाचं एकूण व्याज ३,८७२.

दुसरी रीत: व्याज पूर्ण पन्नास हजारांवर वर्षभर, म्हणजे ७,०००. एकूण ५७,०००, महिन्याला ४,७५०, रोजचे १९०. हे पैसे पिग्मी खात्यात जमतात आणि वर्षअखेरीला कर्ज एकदम वळतं होतं. जमलेल्या पिग्मीवर चार टक्क्यांनी सुमारे १,०४५ रुपये व्याज मिळतं. ते वजा केलं तरी कर्ज पडलं ५,९५५ ला. पहिल्या रीतीपेक्षा २,०८३ रुपये जास्त, म्हणजे व्याजात जवळपास ५४ टक्के वाढ. खरा वार्षिक दर चौदाचा साडेएकवीस झाला. आणि दुकानदाराला दिसलं काय? रोज १८० च्या जागी १९०. दहा रुपयांचा फरक गल्ल्यात कळत नाही.

दोन्ही ठिकाणी मंजुरीपत्रावर ‘१४ टक्के’ असंच लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. टक्का कशावर, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. पहिला महिना झाला की कर्ज खात्याचा उतारा मागा. शिल्लक पन्नास हजारांच्या खाली आली असेल तर पहिली रीत. पन्नास हजारच असेल, आणि शेजारच्या पिग्मी पासबुकात पैसे जमत असतील, तर दुसरी. तेव्हाच लेखी अर्ज देऊन वसुली दरमहा कर्जाला वळती करून मागा. पुष्कळ ठिकाणी अर्ज दिला तर करतात.

हातात येणारी रक्कमही बघा. पन्नास हजार मंजूर झाले आणि त्यातून शेअर्ससाठी पाच टक्के, म्हणजे २,५०० आणि प्रोसेसिंगचे ५०० कापले, तर हातात ४७,००० येतात आणि व्याज पन्नासवर चालतं. शेअर्सची रक्कम सभासदत्व सोडताना परत मिळते आणि त्यावर लाभांशही मिळू शकतो, म्हणून ती बुडाली असं धरू नका. पण ‘दहा टक्के लाभांश’ ऐकून हुरळूनही जाऊ नका. तो त्या २,५०० वर आहे, वर्षाला अडीचशे रुपये.

पतसंस्थांच्या बाहेर बाजारात रोजच्या वसुलीचं जे कर्ज चालतं त्याचा हिशोब एकदा मांडून ठेवायला हवा. दहा हजार म्हणायचे, हजार आधी कापायचे, हातात नऊ हजार द्यायचे आणि रोज शंभर प्रमाणे शंभर दिवस घ्यायचे. लोक याला ‘दहा टक्के’ म्हणतात. हातात आले नऊ हजार, तेही रोज कमी होत जाणारे, आणि हजार रुपये शंभर दिवसांचे. वर्षाच्या दराने हे ७७-७८ टक्के होतात. तसंच ‘शेकडा’चं. गावात शेकडा दोन म्हणजे महिन्याला शंभरावर दोन, वर्षाला २४. थकलेलं व्याज दरमहा मुद्दलात मिळवत गेलं तर २६.८. बँकेचे बारा आणि सावकाराचे दोन यांत दोन स्वस्त वाटणाऱ्यांनी आधी दोन्ही दर महिन्यावर किंवा वर्षावर आणावेत, मग तुलना करावी.

शोरूमचा फ्लॅट दर, म्हणजे पूर्ण मूळ रकमेवर मुदतभर लावलेला दर, हा वरच्या दुसऱ्या रीतीचाच भाऊ. गाडीसाठी ८०,०००, दहा टक्के फ्लॅट, दोन वर्षं: व्याज १६,०००, हप्ता ४,०००. खरा दर १८ टक्क्यांच्या थोडा वर. दहाच्या आसपासच्या फ्लॅट दराला १.८ ने गुणलं की खऱ्याच्या जवळ पोचता येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्जदाराला सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. ते मागून घ्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, तिथे हा हिशोब आपला आपण करायचा.

दर बदलल्याची नोटीस लागते तेव्हाही जपून वाचा. पिग्मीचा दर ४ वरून ३.५ झाला, तर ‘अर्धा टक्का कमी’ हे खरं, पण तुमचं व्याज साडेबारा टक्क्यांनी घटलं, ६०० चे ५२५ झाले. कर्जाचा दर १२ वरून १४ झाला तर दोनच टक्के वाढले असं सांगतात. व्याज मात्र सहाव्या हिश्शाने वाढलं, साडेसोळा टक्क्यांहून जास्त. पुढच्या वर्षी दर परत १२ झाला तेव्हा घट सातव्या हिश्शाची, १४.३ टक्के. चढताना आणि उतरताना टक्के वेगळे येतात, कारण भागायचा आकडा बदलतो. भागायचं नेहमी जुन्या आकड्याने.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सूचना. टक्क्याचं बटण गुणाकारानंतर दाबा: १,६५,००० × ४ %, मग ÷ १२. हे सगळ्या मशीनवर एकसारखं चालतं. बेरजेनंतर ते बटण दाबलं तर मशीनगणिक उत्तर बदलतं. १०० + २५ % दाबून बघा. फोनवर १२५ येईल. दुकानी कॅल्क्युलेटरांपैकी काहींवर १३३.३३ येतं, कारण ते विक्री किमतीवर २५ टक्के नफा धरतात. एक्सेलमध्ये १००+२५% लिहिलं तर १००.२५ येतं. व्याजाच्या हिशोबात बेरजेचं काम वेगळं करा, चूक होणार नाही.

कागदपत्रांकडे वळू. सोसायटीचा कारभार कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये. कन्नड फारसं न वाचणाऱ्यांनी निदान एवढे शब्द ओळखीचे करून घ्यावेत: ठेवणी म्हणजे ठेव, बड्डी म्हणजे व्याज, असलु म्हणजे मुद्दल, कंतु म्हणजे हप्ता, ओट्टु म्हणजे एकूण. शेकडा तोच. एक शब्द मात्र हटकून घोटाळा करतो: कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे. संस्थेच्या नावाअखेरचं ‘नियमित’ म्हणजे आपलं मर्यादित.

मशीनची चिठ्ठी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते, काही महिन्यांत अक्षरं उडतात. खिशात कोंबून ठेवू नका, फोटो काढा, आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घेऊन चिठ्ठ्यांशी ताडून बघा. कलेक्टरने घेतलेले पैसे दोन दिवस उशिरा जमा केले तर व्याजाचं नुकसान नगण्य आहे, वर्षभर रोज तसं झालं तरी सहा-सात रुपये. म्हणून व्याजासाठी भांडू नका. पण चिठ्ठीच दिली नाही, मशीन बंद आहे उद्या देतो म्हणाला, तर त्या दिवशी पैसे देऊ नका. चिठ्ठी नाही तर भरणा सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. फोनवर संदेश येण्याची सोय असेल तर ती सुरू करून घ्या, आणि संदेशातली एकूण शिल्लक वाचा, नुसता त्या दिवसाचा आकडा नको.

सुरक्षेबाबत आमचं मत कडक आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. मग ती १९५९ च्या कर्नाटक सहकारी कायद्याखालची असो, १९९७ च्या सौहार्द कायद्याखालची, की २००२ च्या कायद्याखालची मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी. बोर्डावर ‘बँक’ हा शब्द आहे की नाही हे बघायला वेळ लागत नाही. पिग्मीची तीस हजारांची वार्षिक रक्कम सोसायटीत ठेवणं आम्हाला वावगं वाटत नाही. पण मुदत संपल्यावर तीच रक्कम, मग पुढच्या वर्षाची, मग त्याच्या पुढच्या वर्षाची, अशी एकाच सोसायटीत मुदत ठेव करत जाणं धोक्याचं आहे. दर बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतो म्हणून लोक ठेवतात. एक लाखावर दोन टक्के म्हणजे वर्षाला दोन हजार. त्या दोन हजारांसाठी लाख रुपये विम्याबाहेर ठेवायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही ठेवणार नाही. वार्षिक सभेचा अहवाल सभासदाला मिळतो, त्यात थकबाकीचं प्रमाण दिलेलं असतं. ते आधीच्या वर्षाच्या अहवालाशी लावून बघा, आणि टक्क्याबरोबर रुपयेही बघा. एकूण कर्जवाटप वाढलं की थकबाकीचा टक्का कमी दिसतो, थकलेली रक्कम वाढलेली असली तरी.

आमचे गुण असे: रोजची कमाई असणाऱ्याला बचतीची सवय लावणारी सेवा म्हणून पिग्मीला पाचपैकी चार. पिग्मीवरच्या कर्जाला साडेतीन, मुदतीला चार-पाच महिने उरले असताना काढलं तर. गुंतवणूक म्हणून दीड. पिग्मीतून फेडायच्या कर्जाला, वसुली दरमहा वळती होत असेल तर तीन, होत नसेल तर एक.

शेवटी मुदतीची तारीख. मुदत संपल्यावर रक्कम खात्यात पडून राहिली तर व्याज थांबतं, कलेक्टर नवं खातं उघडून वसुली पुढे चालू ठेवतो आणि जुनं पासबुक कपाटात राहतं. ३०,६०० रुपये असे दोन महिने पडून राहिले तर चार टक्क्यांच्या दरानेच २०४ रुपये गेले, म्हणजे वर्षभराच्या सहाशेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर असते. पासबुक हातात आलं त्याच दिवशी ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी पैसे घ्यायला जाताना मूळ पासबुक, ओळखपत्र आणि व्याजाचा स्वतः काढलेला आकडा सोबत न्या.